अंधारा बोळ, कौन्सिलचा अहवाल आणि कलम १७: इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

घरफोडी झाली, मागच्या बोळात रात्री टोळकं बसू लागलं, की आपण पोलिसांना फोन लावतो, गुन्ह्याचा नंबर घेतो आणि विम्याच्या मागे लागतो. चोरीचिलटी हे पोलिसांचं काम, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण बोळातला दिवा किती वाजता विझवायचा, पार्कचं फाटक रात्री लावायचं की नाही, कोपऱ्यावरच्या दुकानाला रात्री उशिरापर्यंत दारू विकू द्यायची का, हे पोलीस ठरवत नाहीत. हे ठरवते कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था. आणि ठरवताना गुन्ह्यांचा विचार करणं तिच्यावर १९९८ पासून कायद्याने बंधनकारक आहे.

हे बंधन क्राइम अँड डिसऑर्डर ॲक्ट १९९८ च्या कलम १७ मध्ये आहे. ते मला कळलं ते आमच्या रांगेतल्या घरांमागच्या बोळामुळे. कौन्सिलने रात्री बारा ते पाच दिवे बंद ठेवायचं ठरवलं होतं, आणि बोळाकडे उघडणाऱ्या मागच्या दारांतून दोन घरं फोडली गेली होती. त्या भानगडीत कौन्सिलचं काम आतून कसं चालतं ते बरंच कळलं. तुमचा प्रश्न दिव्याचा असेल, फाटकाचा असेल किंवा दारूच्या दुकानाचा, वाट साधारण हीच.

१. कलमाची ताकद आणि मर्यादा आधी समजून घ्या

कलमाचा गाभा एक लांबलचक वाक्य आहे. मथितार्थ असा: संस्थेने आपलं कुठलंही काम करताना त्याचा आपल्या हद्दीतल्या गुन्ह्यांवर आणि बेशिस्तीवर काय परिणाम होईल याचा योग्य विचार केला पाहिजे, आणि ते रोखण्यासाठी वाजवीपणे जे करता येईल ते केलं पाहिजे. ‘कुठलंही काम’ हे महत्त्वाचं. म्हणजे फक्त सुरक्षेचं खातं नव्हे. उद्यानं, रस्ते, घरबांधणी, लायब्ररी, कचरा, बजेट, सगळं.

मूळ कायदा आला जॅक स्ट्रॉ गृहमंत्री असताना. त्याआधी १९९१ च्या मॉर्गन अहवालाने सांगितलं होतं की गुन्हे रोखणं एकट्या पोलिसांना जमणार नाही, स्थानिक संस्थांनाही कायद्याने जबाबदार धरा. पुढे कलमात भर पडत गेली: २००६ च्या कायद्याने परिसराला त्रासदायक ठरणारं वर्तन आणि दारू-ड्रग्जचा गैरवापर, २००९ च्या कायद्याने आधी गुन्हा केलेल्यांनी पुन्हा गुन्हा करणं, आणि २०२२ च्या कायद्याने गंभीर हिंसाचार. नेटवर जुन्या माहितीपत्रकांत फक्त १९९८ चा मजकूर सापडतो. पत्रात तो उतरवलात तर अधिकाऱ्याला तुमची चूक दाखवायची आयती संधी मिळते. सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावरचा सुधारित मजकूरच घ्या.

कोणाला लागू: सर्व पातळ्यांवरची कौन्सिलं (गावातलं छोटं पॅरिश कौन्सिलसुद्धा), फायर अथॉरिटी, पोलिसांवर देखरेख ठेवणारी स्थानिक संस्था, नॅशनल पार्कच्या अथॉरिटी, ग्रेटर लंडन अथॉरिटी, ट्रान्सपोर्ट फॉर लंडन. हाउसिंग असोसिएशन (परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या संस्था), सुपरमार्केट, खासगी पार्किंगवाले, तुमच्या इमारतीची देखभाल करणारी कंपनी यांना हे कलम लागू नाही. कलम इंग्लंड आणि वेल्समध्येच चालतं. एडिंबरा किंवा ग्लासगोत राहत असाल तर तिथले कायदे वेगळे.

आता मर्यादा. हे कलम तुम्हाला दिवा देत नाही. कौन्सिलने विचार केला, परिणाम तोलले आणि तरीही पैसे वाचवण्यासाठी दिवे बंद ठेवले, तर कलम पाळलं गेलं. ते मोडलं म्हणून कोणाला दंड होत नाही. मग उपयोग काय? विचार केला होता का, कधी केला आणि कुठे लिहून ठेवला, हे विचारता येतं. बऱ्याचदा तो केलेलाच नसतो, आणि कागदावर ते उघडं पडलं की निर्णय पुन्हा टेबलावर येतो. एवढीच याची ताकद, पण योग्य जागी लावली तर पुरते.

२. तक्रार सोडा, निर्णय शोधा

नवीन माणसाचं गाडं इथेच अडतं. आपण लिहितो, “आमच्या बोळात अंधार आहे, चोऱ्या होतात, कृपया लक्ष द्यावे.” ही तक्रार ठरते आणि दुरुस्तीच्या खात्याकडे जाते. तिथून उत्तर येतं: दिवा नादुरुस्त नाही, वेळापत्रकानुसार बंद आहे. प्रकरण बंद.

कलम १७ लागतं ते निर्णयाला. म्हणून आधी विचारा: ही परिस्थिती कोणत्या ठरावामुळे आली? दिव्यांचं वेळापत्रक कोणत्या कमिटीने, कोणत्या तारखेला मंजूर केलं? पार्कचा रखवालदार कोणत्या बजेटमध्ये कापला? कौन्सिलच्या संकेतस्थळावर बैठकांचे अजेंडे, अहवाल आणि इतिवृत्तं असतात. तिथल्या शोधचौकटीत रस्त्याचं नाव घालू नका, काही मिळणार नाही. विषय घाला, म्हणजे रात्रीची प्रकाशयोजना, रस्त्यावरचे दिवे, बचत योजना. निर्णय व्हायचा असेल तर फारच चांगलं, कारण झालेला निर्णय फिरवण्यापेक्षा होणारा निर्णय वळवणं पुष्कळ सोपं. बैठकीचा अजेंडा किमान पाच पूर्ण दिवस आधी जाहीर करावा लागतो (पॅरिशला तीन). बजेटची चर्चा हिवाळ्यात होते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत सगळं पक्कं होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये जागे झालात तर वर्ष गेलं.

३. नेमकं कौन्सिल कोणतं?

पुण्यात काहीही झालं तरी महानगरपालिका. इथे तसं नाही. लंडनच्या बरोमध्ये (शहराच्या प्रशासकीय विभागांत) किंवा स्लाव, मिल्टन कीन्स, लेस्टरसारख्या ठिकाणी एकच कौन्सिल जवळपास सगळं बघतं. पण बऱ्याच भागांत अजून दोन पातळ्या आहेत: रस्ते आणि त्यावरचे दिवे वरच्या पातळीच्या काउंटी कौन्सिलकडे; प्लॅनिंग (बांधकाम परवानग्या), दारूची लायसन्सं, कचरा खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. त्यात काही दिवे पॅरिशच्या मालकीचे. आणि ही रचनाही बदलते आहे: नॉर्थ यॉर्कशर आणि सॉमरसेटमध्ये २०२३ पासून एकच कौन्सिल आहे, इतर काउंट्याही त्याच वाटेवर आहेत. सरकारच्या संकेतस्थळावर पोस्टकोड घातला की आजचं उत्तर मिळतं. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी सांगितलेलं धरून चालू नका.

दिव्याच्या खांबावर नंबर असतो. तो टिपा, फोटो काढा. त्यावरून मालक कळतो.

बोळाचं मात्र आधी बघाच. जुन्या रांगेतल्या घरांमागचे कितीतरी बोळ कौन्सिलचे नसतातच. ते घरमालकांच्या सामाईक वहिवाटीचे असतात. कौन्सिलला आपण सांभाळत असलेल्या रस्त्यांची यादी ठेवावी लागते आणि ती कोणालाही बघता येते. तुमचा बोळ त्यात नसेल तर तिथे दिवा लावायची जबाबदारी कौन्सिलवर ढकलता येणार नाही. तरी बोळाच्या तोंडाशी असलेला सार्वजनिक दिवा कौन्सिलचाच, त्याच्याबद्दल बोला.

आणखी एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते: रस्त्यावर दिवे लावलेच पाहिजेत असं कौन्सिलवर कायद्याने बंधन नाही. १९८० चा हायवेज ॲक्ट दिवे लावायचा अधिकार देतो, सक्ती करत नाही. “प्रकाश हा आमचा हक्क आहे” असं पत्रात लिहिलंत की समोरचा अधिकारी गालात हसतो. म्हणूनच कलम १७ कामाचं.

४. पुरावा जमवा, पण कोणता ते बघून

हे जवळ ठेवा:

– घटनांची वही: तारीख, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं. शेजाऱ्यांच्याही नोंदी, त्यांच्या शब्दांत.
– प्रत्येक घटनेचा पोलिसांनी दिलेला गुन्हा-क्रमांक. चालू असलेल्या चोरीसाठी ९९९; नंतर कळलेल्यासाठी १०१ किंवा ऑनलाइन.
– रात्रीचे फोटो, दिवे बंद व्हायच्या आधी आणि नंतर, त्याच जागेवरून.
– पोलिसांच्या ऑनलाइन नकाशावरचे तुमच्या भागाचे महिनावार आकडे.
– ज्या निर्णयाबद्दल बोलताय त्याचा अहवाल आणि इतिवृत्त.
– कौन्सिलशी झालेला सगळा पत्रव्यवहार, तक्रारींच्या क्रमांकांसह.

आपल्या लोकांत एक खोड आहे: सायकल गेली, गाडीची काच फुटली, तर “कुठे पोलिसांच्या नादी लागायचं” म्हणून सोडून द्यायचं. व्हिसाच्या अर्जावर परिणाम होईल अशीही एक भीती असते. तक्रारदार असण्याने व्हिसाला काही होत नाही. पण न नोंदलेला गुन्हा कौन्सिलच्या हिशेबी घडलेलाच नसतो, आणि मग “या भागात गुन्ह्यांचं प्रमाण कमी आहे” हे वाक्य तुमच्याच गप्प बसण्यावर उभं राहतं.

पोलिसांचा नकाशा वापरताना जपून. त्यात गुन्हा नेमक्या जागी दाखवत नाहीत. ओळख लपावी म्हणून जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवतात. आमच्या बोळातल्या घरफोड्या नकाशावर पलीकडच्या रस्त्यावर दिसत होत्या. “आमच्या बोळात इतके गुन्हे” असं नकाशावरून लिहिलंत आणि कौन्सिलने पोलिसांकडून नेमके आकडे मागवले, तर तोंडघशी पडाल. नकाशा परिसरासाठी, गुन्हा-क्रमांक बोळासाठी.

आता अंधाराबद्दल. अंधार म्हणजे चोरी, हे आपल्याला इतकं उघड वाटतं की सिद्ध करायची गरजच भासत नाही. पण कौन्सिलकडे एक अभ्यास तयार असतो: लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ कौन्सिलांची माहिती तपासून २०१५ मध्ये सांगितलं की दिवे कमी केल्याने अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा दिसत नाही. थेम्स व्हॅलीतल्या माहितीवर २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात तर दिवे बंद केलेल्या रस्त्यांवर रात्री गाड्यांतून होणाऱ्या चोऱ्या घटलेल्या दिसल्या, मात्र शेजारच्या रस्त्यांवर त्या सरकल्याची शंकाही होती. दुसऱ्या बाजूला, १९९० च्या दशकात डडली आणि स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये दिवे सुधारल्यावर गुन्हे घटल्याचे अभ्यास आहेत. बोळांना फाटकं लावण्याबद्दलचा पुरावा अधिक ठोस: लिव्हरपूलमध्ये फाटकं बसवलेल्या भागांत घरफोड्या सुमारे ३७ टक्क्यांनी घटल्या.

याचा अर्थ काय घ्यायचा? “दिवे विझवले म्हणून चोऱ्या वाढल्या” यावर पत्र उभं करू नका. ६२ कौन्सिलांची सरासरी तुमच्यासमोर ठेवतील. “संपूर्ण काउंटीची सरासरी बघून निर्णय घेतलात, या बोळात मागच्या दारांतून घरफोड्या झाल्याची नोंद आहे, त्याचा वेगळा विचार केलात का?” असं विचारा. सरासरीत तुमचा बोळ कुठेच नसतो.

५. अहवालाच्या शेवटाकडचा तो परिच्छेद वाचा

कमिटीपुढे जाणाऱ्या अहवालाला ठरलेला साचा असतो. पहिली पानं प्रस्तावाची, मग पर्याय, आणि शेवटी छोट्या छोट्या मथळ्यांची रांग: आर्थिक परिणाम, कायदेशीर परिणाम, समानता, पर्यावरण. त्यातच बहुतेक ठिकाणी ‘गुन्हे आणि बेशिस्तीविषयक परिणाम’ किंवा थेट ‘कलम १७’ असा मथळा असतो.

तो परिच्छेद नीट वाचा. चांगल्या अहवालात पोलिसांशी कधी बोलणं झालं, कोणत्या रस्त्यांना वगळलं, सहा महिन्यांनी पुन्हा आढावा घेणार का, हे असतं. वाईट अहवालात एक ओळ असते: “या अहवालातून थेट परिणाम उद्भवत नाहीत.” आमच्या दिव्यांच्या अहवालात अशीच ओळ होती, आणि चार पानं अलीकडे, धोक्यांच्या तक्त्यात, ‘रहिवाशांमध्ये गुन्ह्यांची भीती वाढण्याची शक्यता: मध्यम’ असं त्याच हाताने लिहिलेलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? असा विरोधाभास सापडला की अर्धं काम झालं. पान क्रमांकासकट उतरवून घ्या.

मथळाच नसेल तर तेही नोंदवा. मथळा असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, त्यामुळे त्यावरून आरडाओरडा नको. विचार कुठे दिसतो, एवढंच विचारा.

६. कागद मागवा

फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट २००० म्हणजे इथला माहिती अधिकार. फी नाही, कारण सांगावं लागत नाही, नागरिकत्वाची अट नाही. स्टुडंट व्हिसावरचा माणूसही अर्ज करू शकतो. कौन्सिलने २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

मागणी अशी नेमकी ठेवा:

“अमुक तारखेच्या बैठकीत मंजूर झालेल्या रात्रीच्या प्रकाशयोजनेच्या निर्णयासंबंधी, (अ) क्राइम अँड डिसऑर्डर ॲक्ट १९९८ च्या कलम १७ खाली केलेल्या विचाराची नोंद असलेली कागदपत्रं, (ब) निर्णयापूर्वीच्या तीन महिन्यांत पोलिसांशी या विषयावर झालेला पत्रव्यवहार, (क) ज्या रस्त्यांना योजनेतून वगळलं त्यांची यादी आणि निकष.”

एवढंच. “दिव्यांबद्दल तुमच्याकडे असलेली सगळी माहिती” असं मागितलंत तर ती शोधायला १८ तासांहून जास्त वेळ लागेल असं सांगून कौन्सिल कायदेशीरपणे नकार देऊ शकतं. रागाने एकामागून एक अर्ज टाकलेत तर त्रास देण्यासाठी केलेले म्हणून फेटाळले जाऊ शकतात. एक अर्ज, तीन मुद्दे.

उत्तर आलं की “अशी कोणतीही माहिती आमच्याकडे नाही”, तर हिरमुसू नका. (अ) ला हे उत्तर येणं म्हणजे विचार केल्याचा कागद नाही याची कौन्सिलने स्वतः दिलेली कबुली. आमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त काम याच एका ओळीने केलं. आणि (क) मधले निकष मिळाले की तुमचा बोळ त्यात बसतो का ते बघा. बऱ्याच योजनांत गुन्ह्यांची नोंद असलेल्या जागा वगळायची तरतूद आधीपासूनच असते, फक्त कोणी मागितलेलं नसतं.

७. पत्र लिहा: एक पान, तीन प्रश्न

पत्र इंग्रजीतच जाणार, पण बांधणी आधी मराठीत करून घेतलेली बरी. ‘मा. महोदय, सविनय सादर’ छापाचं निवेदन आणि खाली दोनशे सह्या, ही आपली सवय. सह्यांना इथेही किंमत आहे, पण तो अर्जाचा वेगळा मार्ग. किती सह्यांवर चर्चा होते ते प्रत्येक कौन्सिल आपलं आपण ठरवतं. अधिकाऱ्याला लिहायचं पत्र कोरडं असावं.

पहिला परिच्छेद: मी अमुक रस्त्यावर राहतो, अमुक निर्णयाबद्दल लिहितो आहे. दुसरा: अहवालाच्या अमुक पानावर हे लिहिलंय, अमुक पानावर ते. तिसरा: निर्णयानंतर या घटना नोंदल्या गेल्या, क्रमांक असे. आणि मग प्रश्न. निर्णय घेताना कलम १७ खाली कोणता विचार झाला आणि तो कुठे नोंदवला आहे? या घटना लक्षात घेऊन या जागेपुरता फेरविचार कराल का, केव्हा? करणार नसाल तर कारण काय? शेवटी तुम्हाला चालेल असा छोटा उपाय सुचवा: बोळाच्या तोंडाचे दोन दिवे योजनेतून वगळा, किंवा बारा ऐवजी एकला बंद करा. मोठी मागणी नाकारायला सोपी असते. दोन दिवे नाकारताना कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहिण्यापेक्षा दिवे चालू ठेवणं कधी कधी सोपं पडतं.

कोणाला पाठवायचं? निर्णय घेणाऱ्या खात्याच्या प्रमुखाला, प्रत त्या विषयाच्या कॅबिनेट सदस्याला (त्या खात्याची जबाबदारी असलेल्या कौन्सिलरला), प्रत तुमच्या वॉर्डच्या कौन्सिलरला, म्हणजे नगरसेवकाला, आणि प्रत कौन्सिलच्या कम्युनिटी सेफ्टी टीमला. ही शेवटची प्रत विसरू नका. त्या टीमला कलम १७ तोंडपाठ असतं, आणि दिव्यांच्या खात्याने आपल्याला विचारलंच नाही हे त्यांना तुमच्या पत्रातून कळतं. मग आतल्या आत जे ईमेल फिरतात ते तुम्हाला दिसत नाहीत, पण परिणाम दिसतो.

८. कौन्सिलरला भेटा, आणि मतदार म्हणून भेटा

कायदेशीर व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथल्या निवडणुकांत मत देता येतं, स्थानिक आणि संसदेच्याही. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. आपले कितीतरी लोक दहा-दहा वर्षं राहून नाव नोंदवत नाहीत. नोंदणी ऑनलाइन होते. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. कौन्सिलर सगळ्यांचंच ऐकतात म्हणे. मतदारयादीत नाव असलेल्यांचं जरा जास्त नीट ऐकतात, असं माझं निरीक्षण.

कौन्सिलर ठरावीक दिवशी लायब्ररीत किंवा हॉलमध्ये लोकांना भेटतात. तिथे सगळी कहाणी सांगत बसू नका. अहवालाचं ते पान छापून न्या आणि एकच विनंती करा: पुढच्या बैठकीत हा प्रश्न लेखी विचारा. पॅरिश सोडून प्रत्येक कौन्सिलमध्ये गुन्हे आणि बेशिस्तीच्या कामाची छाननी करणारी कमिटी २००६ च्या कायद्याने असावीच लागते. कौन्सिलर स्थानिक प्रश्न तिच्या अजेंड्यावर आणू शकतो. बहुतेक बैठकांत रहिवाशांनाही प्रश्न विचारता येतो, पण तो काही दिवस आधी लेखी द्यावा लागतो. तीन मिनिटं मिळतात. घड्याळ लावून घरी वाचून बघा, कारण तीन मिनिटांनंतर अध्यक्ष खरोखर थांबवतात.

९. दारूचं लायसन्स आणि नवं बांधकाम: इथे कलम १७ च्या आधी मुदत बघा

दुकानाच्या काचेवर फिकट निळा कागद दिसला की थांबून वाचा. तो लायसन्सच्या अर्जाची नोटीस असतो, आणि हरकतीला २८ दिवस मिळतात. लायसन्सिंग ॲक्ट २००३ मध्ये गुन्हे आणि बेशिस्त रोखणं हे चार उद्दिष्टांपैकी एक आहे, म्हणून हरकत त्याच शब्दांत लिहा. कोणाचीच ग्राह्य हरकत आली नाही तर कौन्सिलला लायसन्स द्यावंच लागतं. मग नंतर कलम १७ चा कितीही हवाला द्या, उपयोग नाही. “आधीच तीन दुकानं आहेत, चौथं कशाला” ही हरकत ग्राह्य नाही. “या दुकानाबाहेर या या रात्री पोलिसांना बोलवावं लागलं” ही आहे.

प्लॅनिंगच्या अर्जावर मत मांडायला साधारण २१ दिवस असतात. इमारतींची रचना गुन्ह्यांच्या दृष्टीने तपासणारा एक अधिकारी पोलिसांकडे असतो. त्याचा अभिप्राय अर्जाच्या कागदांत आहे का बघा. मोठ्या प्रकल्पात तो नसेल तर तेवढाच मुद्दा पुरे.

इथला एक धोका आपल्या घरांना खास लागू पडतो. प्लॅनिंगवरच्या हरकती नावपत्त्यासह ऑनलाइन दिसू शकतात, आणि लायसन्सवरची हरकत अर्जदाराला दाखवली जाते. घरात सोनं असतं म्हणून दक्षिण आशियाई कुटुंबांची घरं हेरून फोडली जातात. दिवाळीच्या सुमारास ठिकठिकाणचे पोलीस त्याबद्दल सावध करत असतात. अशात एका हरकतीत मी वाचलं आहे: “या गल्लीत बरीच भारतीय कुटुंबं आहेत, घरी दागिने असतात, आणि डिसेंबरात आम्ही भारतात जातो.” हरकत कळकळीची होती, पण चोराला पत्ता, माल आणि वेळ, तिन्ही एका ओळीत मिळाले. दागिन्यांचा, सुट्ट्यांचा, कुलपांचा उल्लेख कुठल्याही जाहीर होणाऱ्या कागदात करू नका. पोलिसांना वेगळं सांगा.

१०. त्रास एकाच जागी पुन्हा पुन्हा होत असेल तर

२०१४ च्या कायद्याने आलेली एक सोय आहे, पूर्वी तिला कम्युनिटी ट्रिगर म्हणत, आता एएसबी केस रिव्ह्यू म्हणतात (एएसबी म्हणजे अँटी-सोशल बिहेवियर, परिसराला त्रासदायक वर्तन). सहा महिन्यांत तीन तक्रारी करूनही काही झालं नाही, तर कौन्सिल, पोलीस, आरोग्य खातं आणि हाउसिंग असोसिएशन यांना एकत्र बसून प्रकरण तपासायला लावता येतं. प्रत्येक तक्रार घटनेपासून महिन्याभरात केलेली असावी लागते, म्हणून वही रोजच्या रोज भरा. हाउसिंग असोसिएशन, जी कलम १७ मधून सुटते, ती इथे सापडते.

बोळाला फाटक हवं असेल तर मार्ग वेगळा. सार्वजनिक वाट असेल तर कौन्सिल सार्वजनिक जागांच्या संरक्षणाचा आदेश काढू शकतं. तो एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, नंतर नूतनीकरण. खासगी बोळ असेल तर वहिवाट असलेल्या सगळ्यांची संमती लागते, आणि खर्चात वाटाही पडू शकतो. रांगेतल्या एका घराचा मालक परदेशी आणि भाडेकरू गप्प, अशा कारणावर फाटकं अडून बसतात. मालकाचा पत्ता लँड रजिस्ट्रीतून थोड्या फीमध्ये मिळतो.

११. तरीही हलत नसेल तर

आधी कौन्सिलची अंतर्गत तक्रार पद्धत पूर्ण करा. सगळे टप्पे, अंतिम उत्तर हातात येईपर्यंत. मग ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे जा: इंग्लंडमध्ये लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, वेल्समध्ये तिथला पब्लिक सर्व्हिसेस ओम्बड्समन. इंग्लंडमध्ये प्रश्न कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. निर्णय चांगला की वाईट हे ओम्बड्समन बघत नाही. नीट घेतला का, एवढंच बघतो, आणि आपला मुद्दाही तोच आहे. पण हद्दीतल्या सगळ्या किंवा बहुतेक रहिवाशांना लागू होणारी गोष्ट तो तपासत नाही. “पूर्ण काउंटीत दिवे बंद केले” असं लिहिलंत तर अर्ज तिथेच संपला. तुमच्या घराला, तुमच्या बोळाला काय सोसावं लागलं ते लिहा. इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलविरुद्धची तक्रार त्याच्याकडे चालत नाही.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं नाही तर आधी कौन्सिलकडे फेरतपासणी मागा, मग इन्फर्मेशन कमिशनर.

शेवटचा मार्ग हायकोर्टाचा. निर्णय घेताना कायद्याने सांगितलेला विचार केलाच नाही, या मुद्द्यावर न्यायालयीन पुनर्विलोकन मागता येतं. मुदत फार कमी: लवकरात लवकर, आणि कुठल्याही परिस्थितीत तीन महिन्यांच्या आत; प्लॅनिंगच्या निर्णयाला सहा आठवडे. हरलात तर समोरच्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो. एका बोळासाठी मी तरी कोणाला हे सुचवणार नाही. मात्र तुमचं प्रकरण मोठं असेल, एखाद्या वस्तीचा किंवा शाळेच्या वाटेचा प्रश्न असेल, तर कौन्सिलच्या उत्तराची वाट बघत तीन महिने घालवू नका. वकिलाशी पहिल्या महिन्यातच बोला, कारण तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

आमच्या बोळाचं विचाराल तर दोन्ही तोंडांचे दिवे आता रात्रभर चालू असतात. मधले अजूनही बाराला जातात. त्यांच्या आढाव्याची तारीख इतिवृत्तात आहे, आणि ती मी कॅलेंडरवर टाकून ठेवली आहे.